रात्रपाळीच्या मावशींनी नळीतून आहार द्यावा का? निवासी बालगृहातील नाजूक उपचारांविषयी

सोलापूर जिल्ह्यातील बौद्धिक दिव्यांग मुलांच्या एका निवासी बालगृहाच्या अधीक्षिकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडील एका मुलाला पोटावर बसवलेल्या नळीतून, म्हणजे गॅस्ट्रोस्टॉमीतून, आहार दिला जातो. एका लहान मुलीला नाकातून जठरात गेलेली नळी आहे. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे ११ वर्षांच्या एका मुलीची लघवी दिवसातून अनेकदा कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात जाणारी बारीक नळी, घालून काढावी लागते, आणि चार-पाच मुलांना फिट येतात. जीएनएम हा परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम झालेली एकच परिचारिका आहे आणि ती दिवसपाळीला असते. रात्री दोन काळजीवाहक मावशी असतात. आता गळ्यातून श्वासनलिकेत नळी बसवलेला, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी असलेला, एक मुलगा त्यांच्याकडे ठेवता येईल का, अशी विचारणा मुलांना कुठे ठेवायचे हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीकडून झाली आहे. ही कामे मावशींनी करावीत का, केली तर कोणत्या कागदाच्या आधारावर, आणि काही विपरीत घडल्यास जबाबदार कोण, असे त्यांनी विचारले आहे.

आधी उत्तर देते, मग कारणे. पोटावरच्या नळीतून आहार देणे, ठरलेल्या वेळी कॅथेटर घालणे आणि फिट आल्यावर नाकात औषध फवारणे ही कामे नीट शिकवलेल्या मावशी सुरक्षितपणे करू शकतात. नाकातल्या नळीतून आहारही त्या देऊ शकतात, मात्र निघालेली नळी परत घालण्याचे काम त्यांच्याकडे देऊ नये. ट्रॅकिओस्टॉमी असलेले मूल आज आपल्याकडे असलेल्या मनुष्यबळावर घेऊ नये. या सगळ्याला लागू पडणारा नियम एकच आहे: परवानगी सरसकट सगळ्या मावशींना द्यायची नसते. ती अमुक मावशीला, अमुक मुलासाठी, अमुक कामापुरती आणि अमुक तारखेपर्यंत द्यायची असते. या चारांपैकी एक गोष्ट बदलली की परवानगी संपली असे समजावे आणि पुन्हा तपासून मगच ती द्यावी.

रुग्णालयातून मुलाला घरी सोडताना हीच कामे आम्ही वॉर्डात आईला शिकवतो. अनेक आया शाळेत फारशा गेलेल्या नसतात, तरी ही कामे उत्तम करतात. मग पगारी मावशीला ती का जमू नयेत, हा प्रश्न रास्त आहे. जमतात, अडचण हाताच्या कौशल्याची नाही. आई एकाच मुलाचे करते, चोवीस तास करते, आणि त्या मुलाचा श्वास जरा वेगळा वाटला तरी तिच्या लक्षात येते. बालगृहात पाळी बदलते, मावशी रजेवर जातात, नव्या येतात. खरा धोका त्या बदलाच्या सांध्यांमध्ये असतो. सर्वांत घातक पद्धत म्हणजे एका मावशीने दुसरीला शिकवणे आणि दुसरीने तिसरीला. सिस्टरांनी पहिलीला सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी तिसरीपर्यंत सहा पोहोचतात, आणि गळालेल्या चार नेमक्या सुरक्षिततेच्या असतात, कारण रोजचे काम त्यांच्यावाचून अडत नाही. म्हणून शिकवणारी व्यक्ती नेहमी परिचारिका किंवा डॉक्टरच असावी आणि मावशींनी एकमेकींना शिकवण्याला लेखी मनाई असावी.

शिकवण्याचा क्रम साधा आहे. मावशीने आधी काम पाहावे, मग परिचारिकेच्या नजरेखाली, त्याच मुलावर, स्वतः करावे, आणि करताना प्रत्येक पायरी तोंडाने सांगावी. काय करायचे हे सांगता येणे पुरेसे नाही. कधी थांबायचे, कधी अजिबात सुरू करायचे नाही आणि कोणाला फोन करायचा, हे न विचारता सांगता आले की मगच सही करावी. किती वेळा करून घेतले यापेक्षा सलग काही वेळा मदतीशिवाय आणि न चुकता झाले का, हे पाहावे. बाहुलीवरचा सराव सुरुवातीला उपयोगी असतो, पण तोंड फिरवणाऱ्या, खोकणाऱ्या, हात झटकणाऱ्या मुलावर तेच काम वेगळे असते. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. मूल रुग्णालयातून परत आले किंवा नळीचा प्रकार अथवा आकार बदलला, तर सहा महिन्यांची वाट न पाहता त्याच दिवशी करावी.

लेखी सूचना मावशींना वाचता येतील अशा हव्यात, हे सोलापुरात वेगळे सांगावे लागते. आपल्याकडे काम करणाऱ्या अनेक बायकांची घरची भाषा कानडी किंवा तेलुगू असते. त्या मराठी अस्खलित बोलतात, पण मराठीचा छापील परिच्छेद रात्री दोन वाजता घाईत वाचणे त्यांना कठीण जाते. अक्कलकोटकडच्या एखाद्या मावशीला कानडी लिपी अधिक जवळची असू शकते. तेव्हा प्रत्येक मुलासाठी एकाच पानाची, चित्रांची, मोठ्या अक्षरांची सूचना करावी, ती खाटेजवळ लावावी आणि गरज असेल त्या भाषेत तिची प्रत काढावी. इंग्रजीतली डिस्चार्ज समरी फाइलमध्ये असू द्यावी, परंतु मावशीने तिच्यावर अवलंबून राहावे अशी अपेक्षा करू नये.

आता एकेक काम घेते. नाकातल्या नळीपासून सुरुवात करते, कारण ती दिसायला सर्वांत किरकोळ वाटते आणि जिवाला धोका मात्र तिच्यातच मोठा आहे. नळीचे टोक जठरात आहे असे समजून दूध सोडले आणि टोक प्रत्यक्षात श्वसनमार्गात असेल, तर ते मूल वाचवणे कठीण जाते. ज्या मुलांचे गिळणे आणि खोकणे अशक्त असते त्यांच्यात नळी चुकीच्या जागी गेली तरी ठसका लागेलच असे नाही. आपल्या बालगृहातील बहुतेक मुले याच गटातली आहेत.

अनेक ठिकाणी अजूनही सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकतात आणि नळी जागेवर आहे असे ठरवतात. ही पद्धत सोडून द्यावी. नळी फुप्फुसात असतानाही तसाच आवाज येऊ शकतो. नळीचे टोक पाण्यात धरून बुडबुडे पाहणे आणि निळा लिटमस कागद याही भरवशाच्या चाचण्या नाहीत. नळीतून थोडा द्रव ओढून घ्यावा आणि तो पीएच, म्हणजे आम्लता, मोजणाऱ्या पट्टीवर टाकावा. पीएच ५.५ किंवा त्याहून कमी असेल तरच आहार सुरू करावा. पट्टी अर्ध्या अर्ध्या अंकाचा फरक दाखवणारी घ्यावी. प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्यांकडे ती मिळते. द्रव आलाच नाही, तर मुलाला डाव्या कुशीवर वळवून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा. मूल आम्लता कमी करणारे औषध घेत असेल तर पीएच वर राहतो. अशा मुलाच्या बाबतीत काय करायचे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे, ते मावशीच्या अंदाजावर सोडू नये. पट्टीचा आकडा जुळला नाही तर आहार द्यायचा नाही आणि एक्स-रेशिवाय पुढे जायचे नाही.

नळी नाकपुडीशी जिथे येते तिथे कायमस्वरूपी शाईने खूण करावी आणि बाहेर राहिलेली लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून पानावर लिहावी. प्रत्येक आहाराआधी, औषधाआधी, तसेच उलटी किंवा जोराचा खोकला झाल्यावर आणि चिकटपट्टी सुटलेली दिसल्यावर ही खूण पाहावी. आहार देताना मुलाचे डोके आणि छाती ३० ते ४५ अंश वर असावी, आणि आहारानंतरही निदान अर्धा तास तशीच ठेवावी. सिरिंजचा दट्ट्या काढून आहार आपल्या वजनाने उतरू द्यावा. दट्ट्याने दाबून संपवण्याची घाई हे उलटीचे आणि ठसक्याचे नेहमीचे कारण आहे. मध्येच खोकला, ओठ निळसर होणे किंवा श्वास जलद होणे यांपैकी काहीही दिसले तर नळी चिमटून आहार थांबवावा आणि मगच फोन करावा.

रात्री नळी निघाली तर? मावशीने ती परत घालायची नाही. सकाळपर्यंत आहार चुकला तर बहुतेक मुलांचे फार बिघडत नाही, पण फिटचे औषध चुकले तर बिघडू शकते, आणि नेमके हेच आराखड्यात लिहायचे राहून जाते. म्हणून डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात: रात्रीचा डोस चुकल्यास किती तास थांबता येईल आणि त्यानंतर मुलाला कुठे न्यायचे. लहान बाळ, मधुमेही मूल किंवा ज्याला उपाशी राहिल्यावर साखर उतरण्याचा त्रास आहे असे मूल मात्र सकाळपर्यंत थांबवू नये. या मुलीला ही नळी किती दिवस आहे हे आपण लिहिलेले नाही. ४ ते ६ आठवड्यांहून अधिक काळ नळीचा आहार लागणार असेल, तर पोटावरच्या नळीचा विचार करावा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वर्षभर नाकात नळी घेऊन फिरणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवणारे कोणी नव्हते, एवढेच त्याचे कारण होते. आपण तो ठेवावा.

पोटावरच्या नळीत जागा चुकण्याची भीती कमी असते, त्यामुळे मावशींना ती सोपी जाते. तिच्यात दोनच प्रसंग अडचणीचे. पहिला, नळी बाहेर येण्याचा. पोटावरचे छिद्र काही तासांत आकसू लागते, म्हणून वाट पाहता येत नाही. शस्त्रक्रिया नवीन असेल तर आतला मार्ग अजून पक्का झालेला नसतो. अशा वेळी काहीही आत न घालता स्वच्छ गॉज ठेवून तडक रुग्णालय गाठावे. मार्ग पक्का झालेला असेल आणि मावशीला तसे शिकवलेले असेल, तर त्याच किंवा त्याहून बारीक आकाराची नळी हलक्या हाताने आत सरकवून छिद्र उघडे ठेवावे आणि रुग्णालयात जावे. तिथे जागेची खात्री होईपर्यंत तिच्यातून थेंबही द्यायचा नाही. मार्ग पक्का झाला असे कोणत्या तारखेपासून मानायचे, ती तारीख शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यावी. फुग्यावर धरलेली नळी असेल तर फुग्यातले पाणी दर आठवड्याला मोजावे. कमी भरले तर नळी निघण्याची ती पूर्वसूचना असते.

दुसरा प्रसंग नळी तुंबण्याचा, आणि तो बहुधा आपणच ओढवून घेतो. नाचणीची किंवा ज्वारीची दाट पेज, नीट न गाळलेली डाळ आणि कुटलेल्या गोळ्या ही नेहमीची कारणे. आहार द्यायच्या आधी आणि नंतर पाणी सोडावे. किती मिलिलिटर ते मुलाच्या वजनानुसार डॉक्टर सांगतील. प्रत्येक औषध वेगळे द्यावे आणि दोन औषधांच्या मध्ये थोडे पाणी सोडावे. हळूहळू विरघळणाऱ्या किंवा वेष्टन असलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत. सोडियम व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाच्या अनेक गोळ्या अशाच असतात, म्हणून नळी असलेल्या मुलासाठी सिरपच लिहून मागावे. फेनिटॉइन हे फिटचे दुसरे औषध दुधाबरोबर दिले तर अंगी कमी लागते आणि फिट येतात. त्याच्या आधी आणि नंतर आहारात अंतर ठेवावे लागते. नियमित औषध चालू असून फिट वाढल्याची तक्रार आली, तर मी आधी औषध आणि आहाराच्या वेळा मागवून घेते.

इथे आपल्या शहराच्या पाण्याचा विषय टाळता येत नाही. ज्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तिथे बालगृहाची भिस्त साठवलेल्या टाक्यांवर असते. नळीत सोडायचे पाणी रोज उकळून गार केलेले आणि झाकलेले असावे, आणि त्यासाठीचे भांडे वेगळे व खूण केलेले असावे. हात धुण्याच्या पाण्यात काटकसर होऊ देऊ नये. टाकी तळाला गेली की सगळ्यात आधी हात धुणेच बंद पडते, म्हणून त्या कामासाठी तोटीचा वेगळा ड्रम भरून ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असताना घरी केलेला पातळ आहार बाहेर टिकत नाही. प्रत्येक वेळी ताजा करावा किंवा लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिजबाहेर दोन तास राहिलेला आहार फेकून द्यावा, आणि कडक उन्हाळ्यात तेवढाही वेळ थांबू नये. याच दिवसांत नळीवरच्या मुलांना तहान सांगता येत नाही, तेव्हा पाण्याचे प्रमाण उन्हाळ्यापुरते वाढवायचे का, हे मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

कॅथेटरचे काम मावशींना करायला संकोच वाटतो आणि व्यवस्थापनाला भीती वाटते. तांत्रिक बाजू त्या मानाने सरळ आहे. दिवसा दर ३ ते ४ तासांनी कॅथेटर घालून मूत्राशय पूर्ण रिकामे करायचे आणि लगेच ते काढून घ्यायचे. याला शस्त्रक्रियागृहासारखी निर्जंतुकता लागत नाही. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ पद्धत पुरते, हे जॅक लॅपिडिस या अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांनी १९७२ साली दाखवून दिले आणि तेव्हापासून कण्याचा दोष असलेल्या असंख्य मुलांची मूत्रपिंडे या पद्धतीने वाचली आहेत. वेळा चुकवणे हा मात्र खरा गुन्हा आहे. सहल, समारंभ किंवा तपासणीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांची गडबड यांमुळे दुपारचे कॅथेटर सहा तास लांबले, तर मूत्राशयातला दाब मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो आणि त्याची किंमत पुढे त्या मुलीलाच मोजावी लागते. ताप, गढूळ किंवा उग्र वासाची लघवी, रक्त किंवा मधल्या वेळेत नव्याने गळती दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

या मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावी: रबर वर्ज्य. कण्याचा हा दोष असलेल्या मुलांमध्ये लॅटेक्सची ॲलर्जी इतरांपेक्षा बरीच जास्त आढळते आणि ती कधीकधी जीवघेणी ठरते. लाल रबरी कॅथेटर आणि नेहमीचे पांढरे रबरी हातमोजे तिच्यासाठी वापरू नयेत. प्लास्टिकचे किंवा सिलिकॉनचे कॅथेटर आणि नायट्राइलचे हातमोजे घ्यावेत. वाढदिवसाचे फुगेही त्याच रबराचे असतात. देणगीदार मंडळी उत्साहाने फुगे घेऊन येतात, त्यांना दारातच प्रेमाने सांगावे लागते.

आता संकोचाचे आणि भीतीचे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, त्याच्या कलम ४१ मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की आई-वडिलांच्या किंवा पालकाच्या संमतीने केलेल्या वैद्यकीय तपासणीला वा उपचाराला त्या कायद्याची कलमे ३ ते १३ लागू होत नाहीत. याचा अर्थ डॉक्टरांचा लेखी आदेश, लेखी संमती आणि नाव घालून दिलेली परवानगी हे तीन कागद मावशीच्या संरक्षणासाठी आहेत. तेच कागद मुलीच्याही संरक्षणासाठी आहेत, कारण त्या नावांबाहेरच्या कोणी 'कॅथेटर घालतो' असे म्हणून तिला बाजूला नेले, तर ते चुकीचे आहे हे सगळ्यांना, आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःला, माहीत असते. काम स्त्री काळजीवाहकाने, पडदा लावून, मुलीला आधी सांगून करावे. दुसऱ्या व्यक्तीने शेजारी उभे राहून पाहिलेच पाहिजे असा नियम काही संस्था करतात. मला तो पटत नाही, कारण दिवसातून पाच वेळा दोघींसमोर उघडे व्हायला लावणे हाच एक त्रास आहे. दुसरी व्यक्ती हाकेच्या अंतरावर असावी, वेळ व सही नोंदवहीत व्हावी, आणि मुलगी 'आज ही मावशी नको' म्हणाली तर कारण न विचारता दुसरी यावी. मग शांतपणे कारण समजून घ्यावे. छळाचा संशय आला तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणे याच कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. शिवाय ११ वर्षांच्या मुलीला, हाताची पकड आणि समज असेल तर, हे काम स्वतः करायला शिकवता येते. सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलीही आरसा आणि चित्रांचा क्रम घेऊन शिकतात. वेळ लागतो, पण यासाठी परिचारिकेचे जितके तास लागतील तितके द्यावेत.

फिटबद्दल थोडक्यात. गुदद्वारातून डायझेपाम देण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. आता नाकात फवारण्याचे मिडॅझोलम मिळते, ते तितकेच उपयोगी पडते आणि मुलाचे कपडे काढावे लागत नाहीत, म्हणून डॉक्टरांना तेच लिहून मागावे. फिट सुरू होताच घड्याळ पाहावे, मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी काही घालू नये. फिट ५ मिनिटे टिकली की ठरलेले फवारे द्यावेत. बाजारात वेगवेगळ्या मात्रेच्या बाटल्या असतात, म्हणून सूचनेत 'इतके मिलिग्रॅम' एवढेच न लिहिता 'या बाटलीचे इतके फवारे' असे लिहावे आणि बाटलीचा ब्रँड बदलला की सूचनाही बदलावी. औषधाने श्वास मंदावू शकतो, त्यामुळे नंतर मुलाजवळून हलू नये. दुसरा डोस फक्त आदेशात असेल तरच द्यावा. फवाऱ्यानंतर पाच मिनिटांत फिट थांबली नाही, पहिल्यांदाच फिट आली असेल किंवा श्वास बरोबर वाटत नसेल, तर १०८ ला फोन करावा.

ट्रॅकिओस्टॉमीच्या मुलाला आत्ता नाही म्हणा, असे मी वर लिहिले. या मुलाचा श्वास पूर्णपणे त्या नळीवर असतो आणि नळी कफाने तुंबली तर हाताशी मिनिटेच असतात. मंगळवेढा किंवा करमाळा रस्त्यावरून रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ त्यात बसत नाही. जे करायचे ते त्या खोलीतल्या माणसानेच करायचे असते. प्रत्येक पाळीला, रात्रीसुद्धा, जागी असलेली आणि त्या मुलासाठी तयार झालेली दोन माणसे हवीत, कारण नळी बदलताना एकीने मूल धरायचे आणि दुसरीने नळी घालायची असते. इतर मुलांसाठी असलेल्या दोन मावशी त्यात मोजायच्या नाहीत. कफ ओढून काढणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या सक्शन यंत्राला बॅटरी हवी आणि त्याशिवाय पायाने किंवा हाताने चालणारे यंत्र हवे; आपल्याकडची वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्याच आकाराची एक आणि त्याहून लहान एक अशा जादा नळ्या, कात्री, नळी बांधायच्या फिती, सक्शन कॅथेटर आणि हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग असलेली पेटी मुलाबरोबर शौचालयापर्यंतही जावी लागते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कफ घट्ट होतो, म्हणून नळीवर ओलावा धरणारे कृत्रिम नाक लागते. मुलांसाठी सक्शनचा दाब साधारण ८० ते १२० मिलिमीटर पाऱ्याचा ठेवतात, एका वेळी ५ ते १० सेकंदांपेक्षा जास्त ओढत नाहीत आणि कॅथेटर मोजून ठरवलेल्या लांबीपलीकडे घालत नाहीत. हे शिकायला दोन-चार दिवसांची वॉर्डातली भेट पुरत नाही.

मात्र समितीला नुसते 'आमच्याकडे शक्य नाही' असे उत्तर देऊ नये. ते मूल कुठेतरी राहणारच आहे, आणि नकाराच्या पत्रांचा ढीग साचला की ते शेवटी सर्वांत कमी तयारीच्या ठिकाणी जाऊन पडते. काय मिळाले तर घेऊ शकू ते लिहावे: रात्रीची आणखी दोन माणसे, ही साधने, मुलाला सोडण्याआधी रुग्णालयात त्याच्यासाठी नेमलेल्या सर्व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, आणि कान-नाक-घसा विभागाकडून नळी बदलण्याच्या तारखा. श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाशी, म्हणजे आपल्या सिव्हिलशी, समितीच्या पत्राने ही मागणी केली तर तिला वजन येते.

राहिला जबाबदारीचा प्रश्न. बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली मूल आपल्या ताब्यात दिले गेले की त्याच्या उपचारांची व्यवस्था ही संस्थेची जबाबदारी असते, आणि ताब्यातील मुलाची जाणूनबुजून हयगय झाली तर कलम ७५ लागू होऊ शकते. मावशीने शिकवल्याप्रमाणे, परवानगीच्या मर्यादेत काम केले आणि तरी गुंतागुंत झाली, तर ती हयगय ठरू नये यासाठीच नोंदी ठेवायच्या असतात. तिला न शिकवता काम लावले तर प्रश्न आपल्याला विचारला जाईल, आणि तो विचारला जाणे योग्यही आहे. प्रत्येक उपचार वैयक्तिक काळजी आराखड्यात यावा. आई-वडील असतील तर त्यांची लेखी संमती घ्यावी, ते नसतील तर समितीकडे लेखी मागणी करावी. रुग्णालयातून फोनवर आलेली सूचना परिचारिकेने लिहून, वाचून दाखवून, दुसऱ्या दिवशी सहीसह मागवावी. मावशीला नाही म्हणण्याचा हक्क लेखी द्यावा. हात थरथरतो, आजारी आहे किंवा आत्मविश्वास वाटत नाही, असे ती म्हणाली तर तिचा पगार वा पाळी त्यामुळे बिघडता कामा नये, नाहीतर ती नाही म्हणणारच नाही आणि चुकलेले सांगणारही नाही.

वापरलेल्या वस्तूंचे सांगायचे तर, सुया असतील तर त्या भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, नळ्या, कॅथेटर व बिनसुईच्या सिरिंज लाल पिशवीत, रक्ता-पुवाचे गॉज पिवळ्या पिशवीत, आणि त्या नेण्याची सोय ज्या रुग्णालयाशी किंवा जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या सेवेशी होईल तिच्याशी आधी करार. घंटागाडीत यातले काही जाऊ नये.

आपण शेवटी विचारले होते की पारदर्शकतेसाठी या कामांच्या खोलीत सीसीटीव्ही लावावा का. आहाराच्या खोलीत आणि व्हरांड्यात असू द्या. कॅथेटरच्या जागी लावू नका. तिथे पडदा आणि नोंदवही पुरे. व्हरांड्यातला कॅमेरा त्या दारातून कोण आत गेले आणि किती वाजता गेले एवढे दाखवतोच, तेवढी नोंद नोंदवहीशी महिन्यातून एकदा आपण स्वतः ताडून पाहावी.